कैग्याचा घुमट

१९९४ साली मी कोकणातल्या एका खाडीपुलाच्या कामावर क्यूब फोडायला होतो. डिप्लोमा अर्धवट सुटलेला, वय २४, आणि कंत्राटदाराच्या पत्र्याच्या शेडमधल्या ‘लॅब’मध्ये मिळालेली नोकरी. काँक्रीट ओतताना त्यातले थोडे १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत भरायचे, दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून पाण्याच्या हौदात बुडवायचे, ७व्या आणि २८व्या दिवशी यंत्राखाली ठेवून फोडायचे, आणि काटा जिथे थांबला तो आकडा नोंदवहीत उतरवायचा. काम एवढेच. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, की तपासणीला साहेब येणार असतील तेव्हा क्यूबसाठी वेगळा माल कालवला जाई, सिमेंट जरा सढळ हाताने टाकून. तो माल मीच कालवत असे आणि वहीत सहीही माझीच असे.

त्यामुळे मे महिन्यात कारवारजवळच्या कैगा अणुवीज प्रकल्पाचा घुमट पडल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या मुकादमाने चहाच्या टपरीवर दिलेला निकाल मला ताबडतोब पटला. “सिमेंट खाल्लं असणार,” तो म्हणाला. पुढची पंधरा-सोळा वर्षे कैग्याचा विषय निघाला की मीही हेच वाक्य ठामपणे सांगत राहिलो. आपण जे पाप केलेले असते तेच दुसऱ्याच्या घरात दिसते, तसे ते होते. पुढे अणुवीज केंद्रांच्या बांधकामाचा इतिहास वाचायचे वेड लागले, आणि एकेक कागद हाती येत गेला तसे कळले की मी भलत्याच दिशेला बोट दाखवत होतो. घडले होते ते सिमेंट खाण्यापेक्षा अधिक अवघड होते, आणि माझ्या नोंदवहीत ते कधीच सापडले नसते.

कैगा हे काळी नदीच्या काठचे, पश्चिम घाटाच्या दाट रानातले ठिकाण. कारवारहून कद्रा धरणाच्या बाजूने आत जावे लागते. गोव्याची हद्द फार लांब नाही. प्रकल्पाला विरोध सुरुवातीपासून होता. ज्येष्ठ कन्नड लेखक शिवराम कारंत तर या प्रश्नावर १९८९च्या लोकसभा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी २२० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांचे बांधकाम सुरू झाले. राजस्थानात रावतभाट्याला याच धर्तीच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या.

या भट्ट्यांना दुहेरी कवच असते. बाहेरचे कवच साध्या सळईच्या काँक्रीटचे, आतले प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे. आतल्या कवचाच्या डोक्यावर घुमट. व्यास सुमारे ४२ मीटर, आणि बहुतेक भागात जाडी एका फुटाहून किंचित जास्त. स्टीम जनरेटर वरून क्रेनने उतरवता यावेत म्हणून घुमटात मोठी भोके ठेवलेली, आणि भोकांच्या कडेने जाडी वाढवलेली. भट्टी नीट चालू असेल तर या घुमटाला करण्यासारखे काही नसते. आतली नळी फुटून वाफ भडकली, तर त्या एका दिवसासाठी तो बांधलेला असतो.

१३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट होऊन केबल ताणण्याचे काम चालू होते. घुमटाच्या खालच्या अंगाचा प्रचंड पापुद्रा सुटला. सुमारे १३० टन काँक्रीट ३० मीटरच्या आसपास उंचीवरून खाली आले. १४ कामगार जखमी झाले. भट्टीत इंधन नव्हते, तेव्हा किरणोत्साराचा प्रश्न नव्हता, आणि हा ‘अणुअपघात’ नव्हे असे म्हणता येत होते. ते खरेही होते. पण ज्या भिंतीवर शेवटची भिस्त ठेवायची ती आतून दाब येण्याआधी, नुसत्या बांधणीतच फाटली होती.

का फाटली? इथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल.

खेड्यात वाढलेल्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली असेल. लोखंडी पट्टी लालभडक तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. पट्टी आवळते आणि चाकाचे सगळे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये हेच काम पोलादी केबल करतात. काँक्रीटमध्ये पत्र्याच्या नळ्या ठेवतात, त्यांना साइटवर शीथ म्हणतात. त्यांतून केबल ओवतात आणि काँक्रीट पक्के झाल्यावर जॅक लावून ताणतात. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला दुबळे. दाबाच्या मानाने ताण सोसण्याची त्याची ताकद जेमतेम एक दशांश. म्हणून आधीच दाबून ठेवायचे. आतून वाफेचा दाब आलाच तर तो पहिल्यांदा ही दाबणूक उतरवण्यात खर्ची पडतो.

हे सगळे सरळ तुळईत बिनघोर चालते. घुमट मात्र वाकलेला असतो. वाचकांनी हातातला हा दिवाळी अंकच घ्यावा. त्याला किंचित कमान द्या आणि दोन्ही कडांनी एकमेकींकडे दाबा. पाने मधोमध फुगतात आणि एकमेकांपासून सुटतात. घुमटात नेमके हेच होते. केबल ताणल्या की त्या आतल्या बाजूला, घुमटाच्या केंद्राकडे ओढ घेतात. वरचे दाबले गेलेले काँक्रीट बाहेरच्या बाजूला फुगू पाहते. आणि या दोहोंमध्ये, नेमक्या केबलच्या पातळीवर, काँक्रीट जाडीच्या दिशेने उकलू लागते. याला त्रिज्यीय ताण म्हणतात. त्याच पातळीवर शीथच्या नळ्यांनी काँक्रीटची जागा आधीच खाल्लेली असते. नळ्यांची दाटी, भोकांच्या कडेला बदलणारी जाडी, पापुद्र्याचे स्वतःचे वजन, हे सगळे त्यात भर घालते. उपाय साधा आहे. अंकाची पाने सुटू नयेत म्हणून आपण टाचण मारतो. घुमटात जाडीच्या दिशेने आडव्या सळया घालाव्या लागतात. पण त्यासाठी हा ताण आहे हे आधी कोणीतरी हिशेबात धरायला हवे.

कैग्याच्या तपासाचा मुख्य रोख या ताणाकडे, म्हणजे डिझाइनकडे वळला.

आता तपासणीचे पाहू. अशा कामावर किती तपासण्या असतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. काँक्रीटचा प्रत्येक टप्पा ओतण्याआधी पोअर कार्ड भरायचे: सळई नकाशाप्रमाणे आहे का, कव्हर ब्लॉक बसले का, शटरिंग हलत नाही ना, शीथची जागा मिलिमीटरने तपासली का. बांधणारा सही करतो, गुणवत्ता विभागाचा माणूस सही करतो, मालकाचा इंजिनिअर सही करतो. काही ठिकाणी ‘होल्ड पॉइंट’ असतो, म्हणजे तपासनीस आल्याशिवाय पुढे जायचेच नाही. काँक्रीटचा स्लम्प मोजायचा, तापमान मोजायचे, क्यूब भरायचे. केबल ताणताना तर दुहेरी हिशेब: जॅकच्या मापकावर किती बल दिसते आणि केबल प्रत्यक्षात किती मिलिमीटर लांबली. दोन्ही आकडे गणिताशी जुळले पाहिजेत. नाही जुळले तर थांबायचे.

यातली एकही गोष्ट निरुपयोगी नाही. कच्चे वेल्डिंग, पोकळ काँक्रीट, चुकीची सळई आणि माझ्यासारख्याने वेगळा कालवलेला माल, हे पकडायला याच तपासण्या लागतात. पण त्या सगळ्या एकच प्रश्न विचारतात: नकाशात दाखवले तसे झाले आहे का? नकाशा बरोबर आहे का, हा प्रश्न पोअर कार्डावर नसतो. तो कारखान्याच्या किंवा साइटच्या माणसाने विचारायचाही नसतो. तो आधी, कार्यालयात, टेबलावर विचारायचा असतो.

आणि हा प्रश्न विचारण्याइतके ज्ञान जगात होते का? माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ते ज्ञान होते. दोन घुमटांनी ते आधीच शिकवले होते, दोन्ही अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातले.

पहिला टर्की पॉइंट केंद्राचा. जून १९७०मध्ये तिथल्या तिसऱ्या युनिटच्या घुमटातल्या केबल ताणताना पृष्ठभागावरच्या भेगेतून ग्रीस झिरपताना दिसले. हे ग्रीस केबलला गंज चढू नये म्हणून शीथमध्ये भरलेले असते. ते वर आले याचा अर्थ आत वाट झाली होती. घुमटाचा वरचा पापुद्रा सुटला होता. दुसरा क्रिस्टल रिव्हर केंद्राचा, एप्रिल १९७६. तिथली गोष्ट मला फार आवडते, कारण दोष पकडला तो कोणा तपासनिसाने नव्हे. घुमटावर वायरिंगचे काम करणारे इलेक्ट्रिशियन भोक पाडून खिळे बसवत होते आणि खिळे धरेनात. खाली पोकळी होती. तीन फूट जाडीच्या घुमटाचा सुमारे १०५ फूट व्यासाचा वरचा थर, काही ठिकाणी १५ इंच जाडीचा, खालच्या थरापासून सुटून नुसता बसून होता. बाहेरून पाहणाऱ्याला घुमट धडधाकट दिसत होता. तो थर काढून टाकला, आडव्या सळया घातल्या, नवा थर चढवला. या दोन्ही घटनांचे अहवाल गोपनीय नव्हते. कैग्याचे बांधकाम सुरू झाले तेव्हा त्यांतला नवा अहवालही १३ वर्षांचा जुना झाला होता.

अमेरिकेत १९७०पासून गुणवत्तेचे १८ निकष असलेला एक नियम आहे. त्यातला तिसरा निकष डिझाइनबद्दल सांगतो, की डिझाइन ज्याने केले त्याच्याखेरीज दुसऱ्याने ते तपासले पाहिजे. पुढे पुस्ती जोडली आहे: तो दुसरा त्याच संस्थेतला असला तरी चालेल. ही पुस्ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. एकाच घरातले दोघे एकमेकांचा हिशेब तपासतात तेव्हा काय होते, हे सांगायला अणुशास्त्रज्ञ लागत नाही.

घुमट पडला तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. ए. गोपालकृष्णन. १९९३ ते १९९६ ही त्यांची कारकीर्द. मंडळाने कैगा आणि रावतभाटा दोन्हीकडे घुमटाचे काम थांबवले. पद सोडल्यावर गोपालकृष्णन यांनी जे लिहिले त्याचा आशय असा, की अणुवीज महामंडळाचे वरिष्ठ स्थापत्य अभियंते आणि खात्याला वर्षानुवर्षे डिझाइन पुरवणारी एक खासगी संस्था यांचे फार जुने आणि घरोब्याचे संबंध होते, आणि त्या घरोब्यात हाती आलेल्या डिझाइनच्या आवश्यक तपासण्या न होताच ती प्रकल्पाकडे गेली. खुद्द नियामक मंडळाबद्दलही त्यांनी कडक लिहिले: मंडळाच्या मूल्यमापन समित्यांवरचे ९५ टक्के सदस्य अणुऊर्जा खात्याच्याच पगारावरचे असतात.

हे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते वादात एका बाजूला उभे होते, हे लक्षात ठेवायला हवे. पण रचनेबद्दल वाद नाही. १९८३ साली स्थापन झालेले हे मंडळ अणुऊर्जा आयोगाच्या अखत्यारीत ठेवले गेले, आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा खात्याचा सचिव. वीजकेंद्रे बांधणारे महामंडळही त्याच खात्याचे. मंडळ आणि महामंडळ यांची कार्यालये आज मुंबईत एकाच अणुशक्तीनगरात आहेत. २०१२ साली महालेखापालांनी मंडळाच्या या दुय्यम स्थानावर बोट ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी लोकसभेत आलेले स्वतंत्र नियामकाचे विधेयक २०१४ साली सभागृहाबरोबर विसर्जित झाले. एखाद्या माणसाने लाच खाल्ली, असे मला म्हणायचे नाही. तसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. घरोब्यात लाच लागतच नाही. “त्यांनी केलंय म्हणजे नीटच असेल,” एवढे पुरते.

याची उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर स्वतंत्र तपासनीस नेमला की सगळे मिटते असा समज व्हायचा. ओहायो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावी झिमर नावाचे अणुवीज केंद्र बांधले जात होते. तिथे तपासनीस होते आणि त्यांना दोष दिसतही होते. पण कामगार त्यांच्या अंगावर वरून पाणी ओतत, त्यांना धमकावत. मजा अशी, की हजेरीतल्या लबाडीचा छडा लावायला कंपनीनेच नेमलेल्या एका खासगी गुप्तहेराच्या कानावर सदोष वेल्डिंगच्या गोष्टी आल्या आणि प्रकरण फुटले. नोव्हेंबर १९८१मध्ये अमेरिकन नियामक आयोगाने २ लाख डॉलरचा दंड केला, पुढच्या नोव्हेंबरात सुरक्षेशी संबंधित बांधकाम बंद पाडले. ९७ टक्के पुरे झाले म्हणून सांगितले जाणारे ते केंद्र शेवटी अणुवीज न बनवताच १९९१पासून कोळशावर चालू लागले. झिमरमध्ये कागद आणि काम जुळत नव्हते. कैग्याचा कागदच चुकला होता. पहिल्या प्रकारचा दोष मला ओळखीचा होता. दुसऱ्या प्रकाराची मला कल्पनाच नव्हती.

कैग्याचा घुमट नव्याने आखला गेला आणि नव्याने बांधला गेला. जाडीच्या दिशेच्या सळया आल्या. सिलिका फ्यूम घातलेले एम-६० दर्जाचे काँक्रीट वापरले, ते तोवर आपल्याकडे अशा कामात नवे होते. आधी नमुन्याचे तुकडे बांधून पाहिले. नियामक मंडळाने १९९८ साली सुरक्षेशी संबंधित स्थापत्य रचनांसाठी स्वतंत्र मानक काढले. मंडळातल्याच अभियंत्यांनी पुढे परदेशी नियतकालिकांत या घटनेवर, सूत्रे आणि आकृत्यांसकट, सविस्तर निबंध लिहिले. माझ्यासारख्याला त्रिज्यीय ताण समजला तो अशा लेखनामुळे. हे श्रेय द्यायलाच हवे. दुसरे युनिट मार्च २०००मध्ये आणि पहिले युनिट नोव्हेंबर २०००मध्ये व्यावसायिक वीज देऊ लागले.

आणि हेच पहिले युनिट पुढे ९६२ दिवस अखंड चालले. ३१ डिसेंबर २०१८ रोजी ते बंद केले, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. अखंड चालण्याची ती मोजणी सुरू झाली होती १३ मे २०१६ रोजी. तारीख पाहून मी चमकलो. विक्रमाच्या बातम्यांत १३ मे १९९४चा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

क्रिस्टल रिव्हरचे नशीब वेगळे. २००९ साली जुने स्टीम जनरेटर बदलण्यासाठी तिथल्या कवचाच्या भिंतीला भोक पाडले, तेव्हा आत भिंतीचाही पापुद्रा सुटलेला निघाला. पुन्हा केबलच्याच पातळीवर. डागडुजी करताना २०११मध्ये आणखी पापुद्रा सुटला आणि २०१३मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. ज्या केंद्राने १९७६ साली जगाला धडा दिला त्यानेच तो ३३ वर्षांनी पुन्हा गिरवला.

आपल्या जैतापूरला ज्या फ्रेंच बनावटीच्या १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या योजल्या आहेत, त्याच घराण्यातली एक फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला २००७पासून बांधली जात होती. भट्टीचे मुख्य भांडे जागेवर बसवून झाल्यावर, एप्रिल २०१५मध्ये फ्रेंच नियामकाने जाहीर केले, की भांड्याच्या झाकणाच्या आणि बुडाच्या पोलादात काही भागात कार्बन जास्त आहे; ०.२२ टक्क्यांच्या मर्यादेऐवजी ०.३०च्या आसपास. पोलाद ठिसूळ व्हायची भीती. पुढच्या वर्षी ज्या कारखान्यात ते घडीव काम झाले होते तिथल्या सुमारे ४०० जुन्या फायलींत गडबडी निघाल्या, काही थेट १९६०च्या दशकातल्या. फ्लामनव्हिलची वीज डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाली, झाकण बदलण्याच्या अटीवर. जैतापूरचे समर्थक आणि विरोधक दोघांशीही मी बोललो आहे. भूकंप, मासे, जमिनीचा मोबदला यांवर ते तासन्‌तास बोलतात, आणि बोलावेच. झाकण कोण तपासणार आणि त्याला पगार कोण देणार, हे मला अजून एकानेही विचारलेले नाही.

पापुद्रा सुटलेले काँक्रीट ओळखायची सर्वांत जुनी रीत म्हणजे हातोडीने ठोकून ऐकणे. भरीव काँक्रीट टणक वाजते, सुटलेले बद्द वाजते. गेल्या मे महिन्यात ओहोटीच्या वेळी मी आमच्या त्या खाडीपुलाखाली उतरलो. तीस वर्षे त्यावरून एस.टी. जाते आहे, मीही जातो. खिशात अर्ध्या किलोची हातोडी होती. काठाजवळच्या दोन खांबांवर वीतभर अंतराने ठोकत गेलो, तिथे आवाज टणक आला. बाकीचे खांब पाण्यात होते, आणि ज्या माथ्याच्या काँक्रीटचे क्यूब मी वेगळे कालवले होते तिथवर हात पोचत नव्हता.